अंथरूण हुंगून

"ताई, गादी झोपून बघतात. हुंगून नाही."

दुकानातला पोरगा हसू दाबत बोलला. छत्रपती संभाजीनगरातल्या एका चकाचक शोरूममध्ये मी आठ इंची गादीच्या शिवणीला नाक लावून ओणवी उभी होते. आमचे हे लांब जाऊन उशा दाबून बघत होते, या बाईची आपली ओळख नाही असा चेहरा करून. परभणीहून पहाटेची गाडी पकडून आम्ही गादीसाठीच आलो होतो.

"हुंगायलाच आलेय बाबा," मी म्हटलं. "ही नाही चालायची. त्या कोपऱ्यातलीची चेन उघडून दाखव. आत काय आहे ते बघू दे."

"चेन उघडता येत नाही ताई. वॉरंटी जाते."

"बरं, मग सांग तरी. यात काय आहे?"

"ऑर्थो आहे," तो म्हणाला.

मला वास सोसत नाहीत. आजार एवढ्या वाक्यात मावत नाही, पण अनोळखी माणसाला एवढंच सांगता येतं. उदबत्ती, फिनेल, डास घालवायचं मशीन, भिंतीचा ओला रंग, लग्नातला सेंट, कपाटातल्या डांबरगोळ्या. इतरांना वास येतो आणि जातो. मला येतो आणि मुक्काम करतो. आधी घशात कुसळं, मग भुवयांच्या वर पट्टा आवळल्यासारखा, आणि तासाभरानं शब्द हाताशी येत नाहीत. माझं काम हिशेबाचं. अशा एखाद्या दुपारी 'सतरा' हा आकडा लिहायला घेते आणि सात आधी की एक, यावर पेन थांबतं.

आठ वर्षांपूर्वी ऑफिसचं फर्निचर नवं झालं तेव्हापासून हे सुरू आहे. एप्रिल महिना, बाहेर बेचाळीस अंश, म्हणून खिडक्या कायमच्या बंद करून एसी बसवले. प्लायची पार्टिशनं, सरस, पॉलिश, खाली गालिचा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचेच डोळे चुरचुरले. बाकीच्यांचे महिन्याभरात थांबले. माझं डोकं उठलं ते बसलंच नाही. मग नाक-कान-घसा, मग मेंदूचे डॉक्टर, मग एमआरआय. सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरचे पेढे वाटायच्या बेतात आणि मी रडायच्या. शेवटच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली आणि "मनावर घेऊ नका" म्हणाले. नाकावर घेतलं होतं, मनावर नव्हे. पण ते तेव्हा सुचलं नाही.

नाव पुढं वाचनातून सापडलं. १९५० च्या दशकात शिकागोचे थेरॉन रँडॉल्फ नावाचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ असल्या रुग्णांबद्दल लिहीत होते आणि त्यांच्याच व्यवसायातले लोक त्यांना फारसं मनावर घेत नव्हते. १९८७ मध्ये मार्क कलेन यांनी 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' हे नाव आणि व्याख्या रूढ केली. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका कार्यशाळेत ते नाव बदलून 'इडिओपॅथिक एन्व्हायर्नमेंटल इनटॉलरन्स' करा असं सुचवलं गेलं. इडिओपॅथिक म्हणजे कारण ठाऊक नाही. वाद अजून चालूच आहे. खरं रसायन की साधी हवा, हे रुग्णाला न सांगता ज्या चाचण्या घेतल्या, त्यातल्या बऱ्याच चाचण्यांत रुग्णांना फरक ओळखता आला नाही. हे वाचलं त्या रात्री मला गोळी घेऊनही झोप आली नाही.

तरीही रोज रात्री झोपायचं असतं आणि खाली काहीतरी अंथरावं लागतं. आमची काथ्याची गादी अकरा वर्षांत मधोमध इतकी खचली होती की सकाळी उठताना विहिरीतून वर आल्यासारखं व्हायचं. पण तिचा सगळा वास कधीच उडून गेला होता. घरातली माझी एकच भरवशाची जागा म्हणजे ती झोपायची खोली. तिथं फिनेल नाही, उदबत्ती नाही. सासूबाईंनी पन्नास वर्षांची उदबत्ती माझ्यासाठी सोडली आणि देवापुढं नुसतं तुपाचं निरांजन ठेवायला लागल्या. तोंडानं काही बोलल्या नाहीत, फक्त पहिले काही दिवस आरती जरा मोठ्यानं म्हणत होत्या. पलंगाचा प्लाय काढून टाकून बाभळीची बाज आणली होती, कारण प्लाय चिकटवायच्या सरसात फॉर्मल्डिहाइड नावाचं रसायन असतं आणि ते वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटत राहतं. सुरकुत्या न पडणाऱ्या चादरींवरही त्याच कुळातली प्रक्रिया असते. त्या मी एका दुपारीत वाटून टाकल्या. अशा खोलीत नवी गादी आणायची म्हणजे आठ तास जिच्यावर तोंड टेकायचं तिलाच आत घ्यायचं. ती बिघडली तर मलाच बाहेर जावं लागणार.

आणि झालं तसंच.

पहिली गादी आम्ही फोनवरून मागवली. मेमरी फोमची, शंभर रात्री वापरून बघा आणि नको तर परत करा अशी. ती आली एका उभ्या खोक्यात, गुंडाळी करून. प्लास्टिक कापलं तसा तिनं एक लांब उसासा सोडला आणि फुगायला लागली. मुलगी टाळ्या वाजवत होती. मी दारापर्यंत पोचले तेवढ्यात तो वास माझ्याआधी बाहेर आला होता. गोडसर, ओल्या ऑइलपेंटसारखा, मागून थोडा मासळीसारखा. त्या रात्री मी स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपले. पुढच्या अकरा रात्रीही.

"गच्चीवर टाकू, उन्हानं जाईल," हे म्हणाले. मे महिना. परभणीचं ऊन म्हणजे गच्चीवर पापड तासाभरात कडकडीत. पण फोम पापडासारखा वागत नाही. संध्याकाळी गादी खाली आणली तर वास दुप्पट. त्याचं कारण मग वाचलं. फोम म्हणजे पॉलीयुरेथेन. ते १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलं, आणि मेमरी फोम १९६६ मध्ये नासाच्या कामातून निघाला, विमानातल्या आसनांसाठी. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन द्रव्यं एकत्र आली की मिश्रण ढोकळ्याच्या पिठासारखं फसफसून वर येतं आणि तसंच घट्ट होतं. आयसोसायनेट म्हटलं की माझ्या पिढीला भोपाळच आठवतं. १९८४ ला तिथं गळाला तो याच कुळातला मिथाइल आयसोसायनेट. गादीतलं ते वेगळं, आणि फोम नीट जमला की ते मोकळं उरत नाही, बांधलं जातं. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. वास येतो तो मागं राहिलेल्या उत्प्रेरकांचा, फुगवायच्या द्रव्यांचा, थर चिकटवायच्या गोंदाचा. गरम झालं की हे सगळं जास्त जोरात सुटतं. थंड देशातली माणसं गादी आठवडाभर हवेशीर खोलीत ठेवतात. आमच्याकडं खोलीच भट्टी.

हेल्पलाइनला फोन केला. "यात नेमकं काय आहे?" तिकडची मुलगी गोड बोलली आणि प्रमाणपत्र पाठवते म्हणाली. प्रमाणपत्र आलं ते वरच्या कापडाचं. तेवढंच कापड त्वचेला चालण्याजोगं म्हणून तपासलेलं. आतल्या आठ इंचांबद्दल एक ओळ नाही. मला तेव्हा कळलं की लेबल गादीवर असलं तरी ते गादीचं असतंच असं नाही. फोमसाठी वेगळी मोहर असते. तिच्यात हवेत उडणारी द्रव्यं दहा लाखांत अर्ध्या भागापेक्षा कमी असावी लागतात. सेंद्रिय लॅटेक्सच्या, म्हणजे रबराच्या चिकाच्या गादीच्या, मोहरेला पंच्याण्णव टक्के माल सेंद्रिय लागतो. कापसाची आणखी निराळी. विचारताना मोहर कशाची, खोळीची की आतल्याची, हे आधी विचारावं. आणि परत करायचं म्हटलं तर आमच्या पिनकोडला परत न्यायची सोय नव्हती. शंभर रात्री पुण्याच्या, परभणीच्या बारा.

ती गादी धाकट्या भावानं ट्रॅक्टरमध्ये टाकून गावी नेली. मानवतच्या अलीकडं आमचं गाव. "अक्का, लई भारी गादी हाय. तुला काय झालंय ते तुलाच ठाऊक," असा दुसऱ्या दिवशी फोन. तो अजून तिच्यावर झोपतो आणि घोरतो, असं वहिनी सांगते.

मग मी शहाणी झाले आणि तुकडे मागवायला लागले. लॅटेक्स, काथ्या-रबर, साधा फोम, आणि फोमचे चुरे चिकटवून केलेला तो 'बाँडेड'. वीतभर तुकडा काचेच्या बरणीत घालायचा, झाकण लावायचं, दिवसभर उन्हात ठेवायचं आणि संध्याकाळी झाकण उघडून एकच श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी सगळे तुकडे मला सारखेच वाटले, तेही ओळखीचे. हिंग, मेथी, मोहरी. बरण्या लोणच्याच्या होत्या. काचेतूनही कैरी जात नाही. सोडा घालून तीनदा उकळल्या तरी एकीत थोडी राहिलीच. शेवटी नव्या आणल्या.

बाँडेडनं पहिल्याच श्वासात निकाल लावला. किती कारखान्यांचे किती प्रकारचे चुरे त्यात असतील, ते चिकटवणाऱ्यालाही माहीत नसावं. काथ्या बरा, त्यावरचं रबर नाही. लॅटेक्स केरळच्या रबराचं, त्याला दुधाचा खरवस करपावा तसा वास, पण तो रोज थोडा थोडा उतरत होता आणि तिसऱ्या आठवड्यात मी तो तुकडा उशाशी घेऊन झोपू शकले. ज्यांना रबराच्या हातमोज्यांनी अंगावर गांधी उठतात त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. मला तो त्रास नाही. लॅटेक्सवर मी जवळजवळ थांबलेच होते. पण किंमत विचारली आणि ह्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

याच दिवसांत मुलीनं एक उद्योग केला. अकरावी विज्ञान. ती म्हणाली, "आई, तुला माहीत असतं ना कुठल्या बरणीत काय आहे. असं नाही चालत." तिनं सहा बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, तळाला आकडे टाकले आणि मला पाठमोरं बसवून एकेक नाकाशी धरली. मी त्रासाचं हो-नाही सांगायचं आणि ती वहीत लिहिणार. सहापैकी चार बरोबर आले. चुकलेल्यातली एक बरणी लॅटेक्सची, तिथं मी 'काही नाही' म्हटलं. हे एक वेळ ठीक. दुसरी चार नंबरची. चार नंबरला मी म्हटलं होतं, "हा फोम. बंद कर लवकर." डोकं खरोखर जड झालं होतं, घशात कुसळं आली होती. मुलीनं कागद सोडला. बरणी रिकामी होती.

ती काही बोलली नाही. मी ती बरणी हातात घेऊन बराच वेळ बसले. डॉक्टरांचं 'मनावर घेऊ नका' आठवलं. मग बरोबर आलेल्यातल्या त्या तीन बरण्याही आठवल्या, ज्यात मी फोम आणि बाँडेड कागदाआडून अचूक ओळखले होते. आता या चार नंबरचं काय करायचं आणि त्या तीन बरण्यांचं काय? कुणी एक उत्तर दिलं असतं तर मी घेतलं असतं. दोन्ही वहीत आहेत, मुलीच्या अक्षरात. एवढं मात्र त्या संध्याकाळी कबूल केलं की माझं नाक हा साक्षीदार असला तरी घाबरलेला साक्षीदार आहे, आणि ज्या वस्तूत काय आहे हे कळत नाही तिच्यासमोर तो जास्त घाबरतो. म्हणून वासाइतकंच मला उत्तर हवं होतं. 'यात काय आहे' याला कुणीतरी सरळ सांगावं.

"मग कापसाचीच कर की," सासूबाई म्हणाल्या. "लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, तू हुंगून पसर. पण पसर एकदाची."

बाजारातून तयार कापसाची गादी आणली. गादीपाटाच्या निळ्या पट्ट्या, नीट टाके, सगळं लहानपणासारखं. रात्री डोकं टेकलं आणि मशीनच्या तेलाचा वास आला. सकाळी कोपरा उसवला तर आत करडा कापूस आणि त्यात गुलाबी, निळे, पिवळे धागे. गिरण्यांचा उरलासुरला चोथा आणि रंगीत चिंध्या पिंजून भरलेल्या.

तो मूठभर चोथा पिशवीत घालून मी गांधी पार्कच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याकडं गेले. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. दुकानाच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांची धुनकी, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, टांगलेली, ताताशिवाय, म्हणजे दोरीशिवाय. लहानपणी ती खांद्यावर घेऊन पिंजारी गावात यायचे, मुठियाचा, लाकडी ठोकणीचा, ठोका तातावर पडला की टणन्, टणन् असा आवाज वाड्याच्या भिंतींना लागायचा आणि कापूस ढगासारखा उठायचा. आता विजेवरची पिंजायची मशीन आहे आणि ती नुसती घरघरते.

चाचांनी चोथा बोटात घेतला, ओढला, नाकाशी नेला. मी पहिल्यांदाच दुसरं कुणी गादी हुंगताना बघत होते. मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढली आणि एक बोंडभर पुंजका पेटवला. तो थोडा पेटला, मग आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. "हे बघा. पॉलिस्टर." मग आपल्या ढिगातली रुई पेटवली. ती भुर्रकन जळाली, वही जाळल्यासारखा वास आला आणि चिमटीत घेतली तर राख पीठ होऊन उडाली. "कापूस राख होतो. प्लास्टिकचा धागा असला तर मणी होतो. नाकावर नका जाऊ ताई, आगीवर जा."

"तुम्ही का हुंगलात मग?"

"ओल कळती. ओला कापूस भरला तर गादी सडती." आणि मग खोकला आला त्यांना, बराच वेळ. पन्नास वर्षं नाकात रुई. वडील गिरणीत पिंजणखात्यात होते, त्यांची छाती सोमवारी भरायची. रविवारी बरं, सोमवारी पुन्हा. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या त्या दम्याला बिसिनोसिस म्हणतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त त्रास होणं ही त्याची खूणच आहे, हे मी वाचलेलं होतं. चाचांना तो शब्द सांगितला नाही. सोमवार त्यांना पाठ होता.

"तुमचा कापूस कुठला?" मी विचारलं.

"जिनिंगचा. शंभर गावचा. खरं ऐकायचं तर शेत नाही सांगता येणार." मग म्हणाले, "तुमच्या घरी शेती नाही का?"

आहे ना. त्याच कापसात तर वाढले मी. दिवाळीनंतर वेचणी आली की माळवदाच्या आतल्या खोलीत कापूस भरायचा, भाव वाढेल या आशेवर आढ्याला टेकेपर्यंत. आम्ही भावंडं त्या ढिगावर चढून झोपायचो. त्याच्याइतकं मऊ पुढं काही मिळालं नाही. रात्रभर अंगाला खाज सुटायची ती गोष्ट वेगळी. त्याच खोलीत खुंटीला फवारणीचा पंप आणि कोनाड्यात डबे. डब्यावर पतंगासारखा उभा चौकोन, त्याचा खालचा अर्धा भाग लाल नाहीतर पिवळा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, हे आम्हाला वाचता यायच्या आधी कळायचं. आमच्याकडं त्याला विष कुणी म्हणत नाही. औषध म्हणतात. अण्णा औषध आणायचे, औषध मारायचे, सदऱ्याला औषधाचा वास घेऊन जेवायला बसायचे. आणि गावात कुणी 'औषध पिला' असं ऐकू आलं की बाया हातातलं काम टाकून पळायच्या. २००२ मध्ये बोंडअळीला दाद न देणारं बीटी बियाणं आलं तेव्हा अण्णांना वाटलं, सुटलो आता फवारणीतून. काही वर्षं सुटलेही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून कवडी करून टाकली आणि पंप पुन्हा खुंटीवरून खाली आला.

माझ्या नाकाचं त्या खोलीत काही झालं असेल का? कधी कधी वाटतं. पण भाऊही तिथंच झोपला आणि तो मेमरी फोमवर घोरतो.

त्याला फोन केला. "मला बारा किलो रुई लागणार. म्हणजे सरकीसकट पस्तीस-छत्तीस किलो कापूस. तू यंदा काय काय मारलंस?"

"हिशोब मागायलीस का?"

"हो."

थांबून, बोटं मोजत असावा, त्यानं सांगितलं. तीन फवाऱ्या. एकेका औषधाचं नाव, कुठल्या पंधरवड्यात, पंपाला किती. शेवटची गणपतीत, त्यानंतर दोन पाऊस झाले, आणि बोंडं फुटायला लागल्यावर हात लावला नाही. दुसऱ्या वेचणीचा कापूस देतो, तो स्वच्छ निघालाय, पाला नाही. आणि तुझं गाठोडं औषधाच्या खोलीत ठेवलेलं नाही, आईच्या खोलीत आहे.

एवढं उत्तर मला कुठल्या हेल्पलाइननं दिलं नव्हतं. तीन फवाऱ्यांचा कापूस हा काही सेंद्रिय कापूस नव्हे. पण बोंड उमलेपर्यंत रुई आत झाकलेली असते, आणि पुढचं ऊनपावसानं केलेलं. बरणीत घालून उन्हात ठेवला, मुलीनं कागद गुंडाळला, तिनं दोन रिकाम्या बरण्याही मध्ये घुसवल्या. या वेळी मी कशालाच हो म्हटलं नाही.

खोळीसाठी मांजरपाट घेतलं, न धुवट. त्यातली खळ काढायला रिठ्याच्या पाण्यातून चारदा काढलं आणि दर वेळी वाळवून हुंगलं. वरच्या अभ्र्यासाठी खादी मिळाली नांदेडची, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीची. यांच्याच उदगीरच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं. ह्यांना तेवढीच बढाई मारायला झाली, पाहुण्यांना सांगतात की आमची ही ध्वजाच्या भावंडावर झोपते.

सरकी काढायला चाचांकडं एक छोटी रुळाची मशीन होती. मोठ्या जिनिंगला पस्तीस किलो वेगळं कोण काढणार? तिथं गेलं की शंभर गावांत मिसळलं. सरकी वहिनीनं म्हशीला परत मागून घेतली. पिंजताना मी दुकानात थांबू शकले नाही; समोरच्या पानटपरीजवळ तोंडाला ओढणी बांधून उभी राहिले तर तिथं जर्दा. शेवटी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. लांबून दिसत होतं, दारातून उन्हाचा तिरका पट्टा आत गेलेला आणि त्यात रुईचे कण तरंगत असलेले, आणि त्यात चाचा, तोंडाला फक्त एक रुमाल. मला घरी आणून देण्याजोगी हवा त्यांच्या छातीतून गाळून येणार होती. मी मास्कचं एक पाकीट नेऊन दिलं. ते त्यांनी नातवाला दिलं.

टाके मात्र त्यांनी माझ्यासमोर घातले. गादी जमिनीवर पसरून काठीनं बडवून रुई सारखी केली, कोपरे मुठीनं ठासले, मग दाभणात सुती दोरा ओवून वीत-वीत अंतरावर वरून खाली, खालून वर. प्रत्येक टाक्याखाली रुईची एक बारकी गोळी ठेवली, दोरा कापडात रुतू नये म्हणून. दोरा दातानं तोडला. "आठ दिवस ऊन द्या. दव पडायच्या आत उचला."

कापसाच्या गादीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्यावर महिनाभर झोपून दाखवावं. ती कठीण आहे. पहिल्या आठवड्यात माझ्या खुब्याला ती टोचली. दर रविवारी उचलून गच्चीवर न्यायची म्हणजे बारा किलोचं आडमुठं मूल जिन्यावरून न्यायचं. आमची हवा कोरडी म्हणून धुळीतल्या किड्यांचं फारसं फावत नाही, कोकणात हेच नसतं जमलं. आणि तिलाही वास आहे. वाळल्या गवताचा, थोडा वहीच्या कागदाचा. पहिल्या रात्री मी तो वास घेत जागीच होते, आता घशात कुसळं येतील, आता पट्टा आवळेल म्हणून. मुलगी पाणी प्यायला उठली तर मला बघून म्हणाली, "आई, किती नंबरची बरणी?" मला हसू आलं, आणि मग कधीतरी डोळा लागला.

आता वर्ष झालंय. गादी मधोमध बसायला लागलीय, चाचा म्हणाले पुन्हा पिंजावी लागेल, दोन किलो नवी रुई घालून. "पण बीटीचा धागा लांब, मऊ. दबतो आणि दबूनच ऱ्हातो. गादीला जुनी देशी पाहिजे. आखूड, खरबरीत. दाबली की वर येती." परभणीच्या कृषी विद्यापीठानं देशीच्या 'पीए' जाती काढल्यात, पण त्यातही कष्ट घेतले ते धागा लांब करायला, गिरणीनं घ्यावा म्हणून. गादीसाठी कोण कशाला जात काढेल. तरी १८ मेला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, बियाण्याच्या रांगेत मी उभी राहिले. पुढच्या माणसाच्या सदऱ्याला औषधाचा वास होता. मी दोन पावलं मागं सरकून उभी राहिले, रांग सोडली नाही.

रात्री भावाला फोन लावला. तो यंदा कापूस मोडून सगळं सोयाबीन करायचं म्हणत होता. वेचणीला माणूस मिळत नाही, भावाचा भरवसा नाही.

"सगळं कर. मला बांधाला दोन ओळी देशीच्या टाक. बियाणं घेतलंय."

"गादीसाठी पेरू का आता?"

"तू माझ्या गादीवर झोपतोस ना?"

तो हसला. मग म्हणाला, "टाकतो. मी नाही काही मारायचो त्याच्यावर. पण शेजारचा मारतो अक्का, त्याला काय करू?"

"कुठल्या अंगाला आहे तो?"

"उगवतीला."

आमच्याकडं पावसाळ्यात वारं मावळतीकडून येतं, पार दसऱ्याच्या अलीकडपर्यंत.

"मग मावळतीच्या बांधाला टाक."

"तिकडं खडक हाय."

"दोनच ओळी रे."

"बरं. बघतो," तो म्हणाला, आणि वहिनीला हाक मारून विचारलं, खुरपं कुठं ठेवलंय.